तांबूस किनार

निसर्ग खोटं बोलत नाही. खोटं बोलायला मन लागतं, आणि झाडाला ते नसतं; म्हणून ज्याला आयुष्यात एकदा तरी निखळ सत्य डोळ्यांनी बघायचं असेल, त्याने झाडाचं पान हातात घ्यावं. असं सरांचं म्हणणं होतं, आणि ते त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यांच्या घरात ते "साखर संपत आलीय" याच सुरात ऐकलं जायचं. ऐकून कुणी वर बघायचं नाही. फार तर कुणीतरी "बरं" म्हणायचं.

सर म्हणजे शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचे साडू दंतवैद्य. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, थोरली सरांची आणि धाकटी डॉक्टरांची. घरं एकाच गल्लीत समोरासमोर, आणि दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या एकमेकींकडे तोंड करून. त्यामुळे बहिणींना एकमेकींशी बोलायला घराबाहेर पडावं लागत नसे, आणि त्या काय बोलतात ते नवऱ्यांना कळत नसे, कारण दोन्हीकडे नळ चालू असे.

गल्ली संपते तिथे ओढा लागतो, आणि ओढ्याच्या काठाने आल्डरची झाडं. हे झाड ज्यांना माहीत नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये; ज्यांच्या दारात ते आहे त्यांनाही ते माहीत नसतं. चिखलात, दलदलीत, जिथे दुसरं झाड पाय टाकायला कां-कूं करतं, तिथे हे खुशाल उभं राहतं. पानं गळून गेली तरी करंगळीच्या पेराएवढी काळी लाकडी बोंडं फांद्यांवर तशीच लटकत असतात, बिऱ्हाड हललं तरी दाराला राहून गेलेल्या पाटीसारखी. त्या ओढ्यावर या झाडाच्या दोन जाती होत्या, काळा आल्डर आणि करडा आल्डर, आणि त्या दोघांतला फरक ही सरांची जहागीर होती.

सर दोन पानं दोन तळहातांवर घेऊन शिकवत. काळ्या आल्डरचं पान गोलसर, आणि टोक असायला हवं तिथे उलट आत गेलेलं, लिहिणाऱ्याने वाक्य पुरं करता करता विचार बदलावा तसं. कोवळेपणी ते बोटांना चिकटतं. झाडाची साल काळपट, भेगाळलेली. करड्याचं पान शिस्तीचं. देठापासून निघालं की सरळ टोकाला जाऊन थांबतं. उलटं करून बघावं तर खाली करडी, मऊ लव. साल राखी, गुळगुळीत. काळ्याची बोंडं आपापल्या देठावर मोकळी झुलतात, करड्याची फांदीला बिलगून बसतात. काळ्याला पाय पाण्यात लागतात. करडा कोरड्यावरही भागवून घेतो, आणि मुळांमधून पोरं काढत शेजारची जागा बळकावतो. एकच कूळ, दोन स्वभाव, असं सर शेवटी म्हणत आणि तळहात झटकत.

धाकटीने हे ऐकून एकदा हिशेब मांडला होता की म्हणजे आमच्या घरी चिकट आलाय आणि ताईकडे टोकदार. सगळ्यात मोठ्याने हसले ते डॉक्टर. चिकट म्हणवून घ्यायला त्यांची ना नव्हती, त्यात त्यांचं काही खर्च होत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर सर खुर्चीत बसले. निवृत्त माणूस खुर्चीत बसतोच, त्यात नवल नाही. पण सर उठेचनात. ते खिडकीबाहेर बघत, आणि खिडकीबाहेर डॉक्टरांच्या घराची भिंत होती. थोरली जेवायला हाक मारी, तेव्हा ते "कुणाला?" म्हणून विचारत. पान बघायला जाऊ या का म्हटलं, तर पानं काय, पुढच्या वर्षीही येतील, असं उत्तर येई. गुडघे दुखतात हे कारण होतं, आणि ते खरंही होतं, पण गुडघे आधीही दुखत असत. हिवाळा असाच गेला. थोरली नळ जास्त वेळ चालू ठेवू लागली.

मग एकदा डॉक्टर एक पान घेऊन आले. ओढ्याच्या उतारावर काळ्या आणि करड्या झाडांच्या मधोमध एक झाड उभं होतं. वरच्या वाटेवरून बघून बघून सर त्याला करडा समजत आले होते. पान त्या झाडाचं होतं. सर, हे कुठलं, असं विचारून डॉक्टरांनी ते त्यांच्या मांडीवर ठेवलं.

सरांनी पान बघितलं. उलटं केलं: लव होती. सुलटं केलं: टोकाशी खाच होती. खाली करडा, वर काळा. त्यांनी भिंग मागितलं. मग, बऱ्याच वेळाने, बूट मागितले. स्वयंपाकघरात थोरलीच्या हातातलं झाकण खाली पडलं आणि ते बराच वेळ गोल गोल फिरत राहिलं.

तिथून सर माणसात आले. सकाळी दाढी होऊ लागली, जेवताना बोलणं होऊ लागलं, आणि जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग जुनी वर्तमानपत्रं, दाबून वाळवलेली पानं आणि पुठ्ठे यांच्या ताब्यात गेला. झाडाला त्यांनी आपल्यापुरतं नाव दिलं, मधला आल्डर. कामाची पद्धत ठरली. उतार निसरडा, सरांचे गुडघे असे. म्हणून सर वाटेवर घडीच्या स्टुलावर बसत आणि डॉक्टर खाली उतरून फांदी आणत. असा साडू मिळायला भाग्य लागतं, असं सर चारचौघांत सांगत, आणि डॉक्टर त्या वेळी बुटाची नाडी बांधायला वाकत.

दर वसंतात पुरावा वाढत गेला. पहिल्या वर्षीच सरांच्या लक्षात आलं की खाचेच्या कडेने एक बारीक तांबूस किनार आहे, वाळलेली, एखाद्या जुन्या कागदाची असावी तशी. अशी किनार काळ्याला नसते, करड्यालाही नसते. मग हेच मधल्याचं खास लक्षण. पुढे दिसलं की खाच आणि किनार फक्त खालच्या फांद्यांच्या पानांवर असते. वरची पानं दुरून तरी वेगळी वाटत. सरांनी त्याचीही उपपत्ती बसवली: सावली. खालच्या फांद्यांना ऊन कमी, म्हणून खाच. बोंडांचे देठ धड लांब नाहीत आणि धड आखूडही नाहीत, लवही करड्यापेक्षा विरळ आहे, हेही त्यांनी बघितलं होतं, पण एवढ्या देखण्या तांबूस किनारीपुढे देठाला कोण विचारतो. ते तळटीपेत गेलं.

गावच्या निसर्गमंडळात सरांनी यावर व्याख्यान दिलं. अध्यक्षांनी झोप अर्धवट सोडून टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत डॉक्टर, थोरली आणि धाकटी बसले होते, आणि तिघांनीही संपूर्ण व्याख्यान मान खाली घालून ऐकलं. सरांना वाटलं, नम्रता.

मग त्यांनी विद्यापीठाला लिहिलं. सोबत फोटो, वाळवलेली पानं, आणि तळटीप. झाडाला आपलं नाव मिळावं अशी त्यांची अपेक्षा नव्हती. त्यांना एवढंच हवं होतं की जाणत्या माणसाने एकदा त्या झाडाशेजारी उभं राहावं आणि म्हणावं, हो, तुम्ही बरोबर बघितलंत. शाळेतल्या सगळ्या वर्षांत त्यांना हे कुणी म्हटलं नव्हतं. शाळेत ते म्हणायचं काम त्यांचंच होतं. उलट टपाली उत्तर आलं की वनस्पतिशास्त्राच्या बाई उन्हाळ्याच्या सुरुवातीला, पानं पुरती वाढली की, स्वतः येऊन बघतील.

पाहुणीसमोर आपण वाटेवर स्टुलावर बसून राहणं बरं दिसणार नाही, असं सरांना वाटू लागलं. निदान उतार उतरता आला पाहिजे. पालवी फुटायला लागली होती. सकाळी थोरली नेहमीप्रमाणे बहिणीबरोबर फिरायला बाहेर पडली, आणि सरांनी काठी घेतली, कुणाला न सांगता, सराव करायला.

उताराच्या तोंडाशी आले तेव्हा खालून त्यांना बायकोचा आवाज आला आणि पाठोपाठ डॉक्टरांचा. भल्या सकाळी, ओढ्याकाठी. सरांच्या मनात क्षणभर जो संशय येऊन गेला तो लिहिण्यासारखा नाही. पुढे कितीतरी दिवस त्यांना वाटत राहिलं की तोच खरा ठरला असता तर बरं होतं. निदान त्यात कुणी झाडाला ओढलं नसतं.

झाडाला शिडी लावलेली होती. शिडीवर डॉक्टर, नाकावर दवाखान्यातला चष्मा, हातात हिरड्यांचे टाके कापायची बारीक, वाकडी कात्री. दोन बोटांत त्यांनी एक कोवळं पान धरलं होतं, नुकतं उलगडलेलं, अजून चुण्या न गेलेलं. त्यांनी ते नीट सपाट केलं, मान तिरकी केली, आणि टोकाचा एवढासा त्रिकोण कापून काढला. मग पुढचं पान. धाकटी खाली वाकून पडलेली टोकं वेचत होती आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकत होती. थोरलीने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, आणि वर बघत ती म्हणाली, "ते डावीकडचं राहिलं."

सरांना बाकी सगळं एक वेळ सोसलं असतं. ते डावीकडचं राहिलं, हे नाही. त्या बोलण्यात घाई नव्हती, भीती नव्हती; सरांच्या कॉलरचं बटण राहिलं की ती ज्या मायेने सांगायची, त्याच मायेने तिने ते सांगितलं होतं.

डॉक्टरांना ते आधी दिसले. त्यांनी कात्री खिशात घातली, ती बाहेर काढली, पुन्हा घातली. शेवटी त्यांनी विचारलं की सर, तुम्ही इतक्या सकाळी कसे.

"कधीपासून?" सरांनी विचारलं.

डॉक्टर शिडीवरच राहिले. धाकटीने डब्याला झाकण लावलं. उत्तर थोरलीने दिलं. "पहिल्यापासून."

मग जे कळलं ते तुकड्या-तुकड्याने. आधी ती डॉक्टरांची थट्टा होती. खुर्चीतल्या साडूला चिडवायला म्हणून त्यांनी चार पानांची टोकं कापली, ती पानं वाढू दिली आणि त्यातलं एक नेऊन मांडीवर ठेवलं; संध्याकाळी चहाच्या वेळी सांगून टाकायचं आणि हसायचं, एवढाच बेत. पण संध्याकाळी सर बोलत होते. किती महिन्यांनी बोलत होते, आणि बोलता बोलता त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. सांगायचं उद्यावर गेलं. उद्या सर दुकानातून पुठ्ठे घेऊन आले. त्यानंतर थोरलीने खिडकीतून बहिणीला आणि बहिणीने नवऱ्याला निरोप दिला की आता काही सांगायचं नाही, आता पुढच्या वसंताचं बघा. किनार तांबूस का होती, हे सरांना विचारावं लागलं नाही. कापलेली कड वाळली की तांबूसच होते. हे त्यांनी शाळेत पोरांना शिकवलं होतं.

थोरलीने माफी मागितली नाही. ती म्हणाली, "तुम्ही बूट मागितलेत त्या दिवशी. मी काय करायला हवं होतं? बूट लपवायला हवे होते?"

"पोर रडायचं थांबावं म्हणून खुळखुळा देतात," सर म्हणाले. "तो तुम्ही मला दिलात. आणि मी त्याच्यावर व्याख्यान दिलं. तुम्ही पहिल्या रांगेत बसलात."

एवढं बोलून ते वळले. उतार चढायचा नव्हता, ते वाटेवरच उभे होते. पण चढ चढून आल्यासारखे धापा टाकत घरी आले.

त्या दिवसापासून सर स्वतःच्या घरात भाडेकरूसारखे राहू लागले. आपला कप आपण धुऊन वेगळा ठेवायचा. आपली गादी बाहेरच्या खोलीत. कुणाकडे काही मागायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही. चष्मा कपाळावर चढवून ते अख्खी सकाळ चष्मा शोधत, आणि थोरली तो कपाळावर बघूनही गप्प बसे, कारण बोललं तर तोही तुम्हीच ठेवलात का, असं ऐकावं लागलं असतं. टेबलावरचे पुठ्ठे सरांनी उचलले नाहीत, फेकले नाहीत, त्यांच्याकडे बघितलंही नाही. जेवताना ते भिंतीकडे तोंड करून बसत, आणि खोकल्याशिवाय दुसरा आवाज होत नसे.

फसवणुकीचं एक वाईट असतं, ती एका जागी राहत नाही. लग्नानंतर थोरलीने एकदा म्हटलं होतं की तुमचा आवाज छान आहे, आंघोळ करताना म्हणत जा. सर तेव्हापासून म्हणत आले होते. आता तेही तपासून घ्यायला हवं होतं. तो निळा स्वेटर खरंच शोभतो का? निवृत्तीच्या सत्कारात केलेलं भाषण खरंच लांबलं नव्हतं का? शाळेतल्या सहकाऱ्यांना खरंच वाईट वाटलं होतं का? सर आंघोळ मुकाट्याने करू लागले. बाहेर थोरलीच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं, आणि ती न्हाणीघराच्या दाराशी थोडा वेळ उभी राहून परत गेली.

डॉक्टर येत. दार वाजवत, थांबत, जात. एकदा त्यांनी खिडकीतून सांगून बघितलं की सर, मनात वाईट नव्हतं. सरांनी खिडकी लावून घेतली. वाईट मनात असतं तर दार उघडता आलं असतं, भांडता आलं असतं. चांगल्या मनाने गळा कापणाऱ्याशी माणसाने काय बोलायचं?

विद्यापीठाच्या बाईंना मात्र त्यांनी येऊ नका असं कळवलं नाही. त्यांनी ठरवलं होतं. बाई येतील, तिघेही तिथे हजर असतील, आणि सर सगळ्यांदेखत जे खरं ते सांगतील. भाषण त्यांनी मनात घोटून ठेवलं, त्यात विश्वास हा शब्द बऱ्याच वेळा आला. बोलणं बंद असल्याने निरोप त्यांनी उघड्या खिडकीत उभं राहून समोरच्या भिंतीला सांगितला: उद्या सकाळी ज्यांनी ज्यांनी झाडाला हात लावला त्यांनी ओढ्यावर यावं. दोन्ही स्वयंपाकघरांतले नळ बंद झाले, म्हणजे निरोप पोचला.

बाई उंच होत्या, घाईत होत्या आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून आल्या होत्या. सरांनी घसा खाकरून सुरुवात करेपर्यंत त्या उतार उतरून झाडापाशी पोचल्याही होत्या. त्यामुळे ते भाषण सरांना वाटेवरून, ओढ्याच्या आवाजावर आवाज चढवून करावं लागलं. विश्वासघात हा शब्द त्यांना दोनदा ओरडावा लागला, कारण पहिल्यांदा बाईंनी "काय म्हणालात?" असं विचारलं. शेजारी तिघे ओळीने उभे होते, वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे. पानाची खाच खोटी आहे, ती या माझ्या साडूंनी कात्रीने केली, शिडी माझ्या पत्नीने धरली, आणि मी त्या खाचेला निसर्ग समजलो, असं सर म्हणाले, आणि थांबले.

बाई फांदी खाली ओढून बघत होत्या. "हो, ते फोटोतच दिसलं," त्या म्हणाल्या. "कड कात्रीची आहे. कापलंय मात्र सुरेख."

म्हणजे यांनाही माहीत होतं. सरांनी काठीवर भार टाकला. मग तुम्ही एवढ्या लांब आलात कशाला, असं त्यांनी विचारलं.

"तळटीप वाचून."

सर उतार उतरले. कसे ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बराचसा बसून, थोडा काठीने, आणि शेवटचा भाग अंगावर गवत घेत. मध्ये डॉक्टरांनी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. बाईंनी त्यांना फांदी दाखवली. ही बोंडं बघा, त्या म्हणाल्या, देठ अर्धाच. ही लव बघा, विरळ. सालीला भेगा आहेत, पण काळ्याइतक्या नाहीत. मग त्यांनी जरा पलीकडची एक फांदी धरली. त्या सकाळी डॉक्टरांचं काम अर्ध्यावर राहिलं होतं, डावीकडची पानं कात्रीपासून वाचली होती, आणि तिथून पुढे कुणी झाडाजवळ फिरकलंच नव्हतं. त्यातलं एक पान बाईंनी खुडून सरांच्या हातात दिलं.

त्याला खाच नव्हती. टोकही नव्हतं. ते पान वर जाऊन नुसतं बोथट थांबलं होतं, अंगठ्याच्या नखासारखं, काळ्याचं ऐकावं की करड्याचं हे न ठरवता. इतक्या वर्षांत सरांनी त्या झाडाचं न कापलेलं पान पहिल्यांदा हातात घेतलं होतं.

"दोघांचं पोर आहे हे," बाई म्हणाल्या. "काळा आणि करडा शेजारी असले की होतं कधी कधी. नवीन जात वगैरे काही नाही, बऱ्याच ठिकाणी सापडतं. पण या ओढ्यावर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तुम्ही बरोबर बघितलंत." मग त्यांनी प्रामाणिकपणे भर घातली, "बघायचं ते तळटीपेत टाकलंत, एवढंच."

ज्या वाक्यासाठी सरांनी इतके वसंत काढले होते ते असं आलं, चिखलात, बूट भिजलेले असताना, आणि शेपटीसकट. त्यांनी पान उलटं केलं, सुलटं केलं. मग त्यांनी विचारलं की पहिल्याच वर्षी हे पान असं, न कापलेलं, माझ्या हातात आलं असतं तर?

"तर तिथेच कळलं असतं तुम्हाला," बाई म्हणाल्या. "दोन्ही जाती इतक्या पाठ असलेल्या माणसाला एक नजर पुरली असती."

डॉक्टर ओल्या दगडावर खाली बसले. मागून उतरून आलेली थोरली बहिणीकडे बघू लागली. ज्या टोकात उत्तर होतं, नेमकं तेच टोक दर वसंतात बिस्किटांच्या डब्यात गेलं होतं.

बाईंनी डावीकडची चार पानं पिशवीत घातली. मग थोडा विचार करून उजवीकडचं एक कापलेलंही घेतलं. माणसाने केलेली खूण कशी ओळखावी हे विद्यार्थ्यांना दाखवायला बरं पडेल, म्हणाल्या. अशा रीतीने सरांची तांबूस किनार शेवटी विद्यापीठात गेली. बाईंना दुपारची गाडी होती. त्या आल्या तशाच भराभरा चढून गेल्या.

चौघे परत निघाले. डॉक्टर एक पाऊल मागून चालत होते. गल्लीच्या तोंडाशी ते म्हणाले, "सर, मला वाटलं मी झाडाला काहीतरी देतोय. मी होतं तेच कापत होतो."

सर न थांबता म्हणाले, "कापलंत सुरेख. बाईसुद्धा म्हणाल्या." आणि घरात शिरले.

थोरली त्यांच्या मागून आत आली आणि दाराशी उभी राहिली. सर टेबलापाशी गेले. पुठ्ठ्यांवरच्या सगळ्या खाचा एकदम त्यांच्याकडे बघत होत्या. ते बायकोकडे न वळता बोलले, आवाज चढवला नाही.

"खोटं दिलंत, ते एक वेळ सोड. तुला वाटलं, हा माणूस खऱ्यासाठी उठणार नाही. खरं तिथेच होतं, हाताच्या अंतरावर. मी उठलो असतो."

थोरलीने पायातल्या चपला काढल्या. मग विचारलं, "उठला असतात?"

तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता, म्हणून त्याला उत्तर देणं भाग होतं. सरांनी उत्तर शोधून बघितलं. हिवाळाभरची ती खुर्ची तिथेच होती, खिडकीबाहेर ती भिंतही होती. सापडेना. ते नाही सापडलं तरी बोलायचं बाकी होतं, आणि ते मोठं होतं: की या घरात यापुढे त्यांना कुणाच्या मायेची गरज नाही, की माणसाने स्वतःच्या डोळ्यांवर आणि स्वतःच्या हातांवर जगावं, की आता ते कुणाच्याही आधाराशिवाय... इथे त्यांचा उजवा खांदा वर गेला. उतारावरच्या गवतातलं काहीतरी शर्टात शिरलं होतं आणि पाठीवर, दोन फऱ्यांच्या बरोबर मधोमध, कडाडून चावलं होतं. त्यांनी हात वरून मागे नेला, पोचला नाही. खालून नेला, पोचला नाही. दाराच्या चौकटीला पाठ घासून बघितली, तर चौकट गुळगुळीत. थोरली बघत होती आणि जागची हलली नाही. न मागता आता ती काही करणार नव्हती.

सर तिच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि समोरच्या भिंतीला म्हणाले, "जरा खाजव. तिथे नाही. वर."